कमर पेंटर, उस्मानपुरा

कमरोद्दीन पेंटरला तुम्ही ओळखत नसाल, पण त्याचं अक्षर तुम्ही वाचलेलं आहे. गेल्या चाळीस वर्षांत तुम्ही या शहरात एकदा जरी पिठाच्या गिरणीवर गेला असाल, एखाद्या टेम्पोच्या मागं अडकून पडला असाल, नाहीतर पाचोडच्या बाजाराला जाताना एखाद्या गावाच्या कमानीखालून गेला असाल, तर ते अक्षर तुमच्या नजरेखालून गेलेलंच आहे. भरदार, पोटात गोल, आणि वरची शिरोरेघ एका दमात ओढलेली. कमरोद्दीन आधी सगळी अक्षरं काढून घ्यायचा, दोन पावलं मागं सरकायचा, श्वास घ्यायचा, आणि मग या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. त्या वेळेला कुणी मधेच 'अहो पेंटर' म्हणून हाक मारली की त्याचं टाळकं सरकायचं.

रेघ झाली की उजव्या कोपऱ्यात खाली, बारीक अक्षरात 'कमर पेंटर, उस्मानपुरा' आणि पुढं फोन नंबर. हीच त्याची जाहिरात आणि हेच त्याचं दुकान. पहिली पंधरा वर्षं नंबर शेजारच्या मेडिकलवाल्याचा असायचा, मग स्वतःचा आला. पण हात तोच, कोपरा तोच. डोकं घरी ठेवून आला असता तरी हातानं तेवढं लिहिलंच असतं.

मग फ्लेक्स आला आणि पेंटर लोकांची पार वाट लागली. कुणी रिक्षा घेतली, कुणी घरांना डिस्टेंपर मारायला लागला. कमरोद्दीन तेवढा ब्रश धरून राहिला, आणि गंमत बघा, त्याला हात दिला तो शहराच्या नव्या नावानं. नाव बदललं तेव्हा दुकानांच्या, शाळांच्या, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या जुन्या पाट्यांवर नवं नाव घालायचं होतं. अख्ख्या पाटीचा खर्च नको, खालची एक ओळ तेवढी बदलून द्या, असं म्हणणारे ढीगभर. जुनी ओळ त्यानंच कधी काळी लिहिलेली, आता तीच पुसायची आणि 'छत्रपती संभाजीनगर' लिहायचं. त्या दीड वर्षात त्याला मान वर करायला फुरसत नव्हती. मोहल्ल्यातले लोक चहाच्या टपरीवर टोमणे मारायचे, की कमर, तू तर शहरच पुसायला घेतलंस. तो म्हणायचा, पाटी गिऱ्हाइकाची, अक्षर माझं. मनातून त्याला वाईट वाटायचं का? वाटायचं. पहिल्या दिवशी जुनं नाव पुसताना त्याला दुपारचं जेवण गेलं नव्हतं. पण हे त्यानं शमशादला, म्हणजे बायकोलासुद्धा सांगितलं नाही.

ते काम ओसरलं आणि फुलंब्रीच्या अलीकडच्या एका गावातून बिभीषणचा फोन आला. बिभीषण तिथल्या शाळेच्या समितीचा अध्यक्ष. बापानं जन्मभर मेंढरं वळली, आणि हा मेंढरांमागं फिरताना वेशीच्या कमानीवरची अक्षरं बघून वाचायला शिकला. ती कमान कमरोद्दीनची. बिभीषणला हे पक्कं आठवत होतं आणि तो ते चारचौघांत सांगायचाही. शाळेच्या तीन लांब भिंतींवर त्याला मुळाक्षरं, बाराखडी आणि अंक हवे होते, ऑइल पेंटनं, हातानं लिहिलेले. फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत फाटतोय, म्हणाला, तुमचं अक्षर माझ्या पोरांची पोरं वाचतील. आसपासच्या आठ-दहा शाळांनीही विचारून ठेवलं होतं, आधी इथलं बघू म्हणून. कमरोद्दीन बासष्टचा झालेला. दोन भिंती करून, कोपऱ्यात नाव टाकून तो ज्या दिवशी घरी आला, त्या दिवशी शमशादला म्हणाला की आता मरेपर्यंत ब्रश हातातून सुटत नाही. एवढंच त्याला जगाकडून हवं होतं. फार नव्हतं हो ते.

आणि त्याच आठवड्यात अदीबा आली.

अदीबा म्हणजे एकुलती एक लेक. बडोद्याला चित्रकला शिकली, तिथून जर्मनीला गेली, त्याला नऊ वर्षं झाली. तिकडं ती काय करते, हे कमरोद्दीन लोकांना 'आर्टिस्ट' या एका शब्दात सांगून मोकळा व्हायचा. कारण खुलासा करायला गेलं की पंचाईत. बर्फाच्या लादीत स्वतःच्या पासपोर्टची झेरॉक्स गोठवून, ती लादी हातात धरून, वितळेपर्यंत चौकात उभं राहायचं, आणि लोकांनी ते बघायचं, हे उस्मानपुऱ्यात कुणाला सांगणार? शमशाद तर म्हणायची, सर्दी होते पोरीला, दुसरं काय.

पण या खेपेला तिनं बापाला बसवून नीट सांगितलं. बापलेकीचं बोलणं घरात दखनीत चालायचं, मी आपलं मराठीत सांगतो. तिच्या पासपोर्टवर जन्मगाव जुन्या नावाचं. तिकडं राहायचा परवाना वाढवायला जन्माचा नवा दाखला मागितला, तर त्यावर गाव नव्या नावाचं. काउंटरवरच्या बाईनं विचारलं, तुम्ही नक्की कुठं जन्मलात, या गावात की त्या? ही दोन गावं एकच आहेत याचा कागद आणा. सात महिने तिचा परवाना अडकला होता, ती तात्पुरत्या कागदावर दिवस काढत होती. तिकडं ती बाहेरची, आणि इकडं आली की गल्लीतल्या बायका विचारणार, किती दिवस आहेस. सांगता सांगता तिचा आवाज फुटला. लेक तिकडं सुखात आहे असं धरून कमरोद्दीन नऊ वर्षं निवांत झोपला होता.

मग तिनं काम काढलं. या शहराची आजवरची नावं एका भिंतीवर लिहायची, एकाखाली एक, फक्त पाण्यानं. एक नाव वाळून गेलं की पुढचं. कुणाची बाजू नाही, कुणाला विरोध नाही. सगळीच येतात आणि सगळीच वाळतात, एवढंच. आणि लिहायचं अब्बांनी, कारण या शहराचं नाव सगळ्यात जास्त वेळा ज्या हातानं लिहिलं तो हात त्यांचा.

कमरोद्दीन आधी नक्को म्हणाला. नावाच्या भानगडीत पडायचं नाही, हे त्याला चांगलं कळत होतं. ती म्हणाली, "अब्बा, दोन मिनिटांत वाळणार. पाणी आहे ते. मागं काही राहत नाही." आणि नऊ वर्षांनी आलेली लेक काही मागते म्हटल्यावर बाप किती वेळ नाही म्हणणार?

स्टेशनच्या बाजूला एक ऑइल मिल बंद पडलेली आहे. तिची सिमेंटची लांब भिंत तिनं निवडली. तिच्याबरोबर शिकलेला राजकुमार, जो आता इथंच कॉलेजात शिकवतो, तो कॅमेरा घेऊन आला. एप्रिलमधली सकाळ, दहा वाजायच्या आत भिंत तापलेली. पंचवीस-तीस लोक जमले, निम्मे राजकुमारचे विद्यार्थी, निम्मे रस्त्यानं जाणारे. कमरोद्दीननं नेहमीचे दोन ब्रश आणले होते, एक चार इंची आणि एक बारीक, आणि रंगाच्या डब्यात रंगाऐवजी पाणी.

पहिलं नाव लिहिलं 'खडकी'. पाणी भिंतीवर काळपट उमटायचं आणि तो शेवटच्या वेलांटीला पोचेपर्यंत पहिला ख फिकट व्हायला लागायचा. असं त्यानं जन्मात लिहिलं नव्हतं. घाई करावी तर अक्षर बिघडतं, सावकाश लिहावं तर ते हातातून जातं. त्यानं श्वास रोखून रेघ ओढली आणि मागून टाळ्या आल्या. आता हे समजून घ्या. चाळीस वर्षांत त्याच्या अक्षराला कुणी टाळी वाजवली नव्हती. लोकांनी भाव पाडला, रंग पातळ घातला म्हणून वाद घातला, वेलांटी चुकली म्हणून अक्कल काढली. टाळी कधी नाही. म्हातारा लाजला. त्याच्या अंगात काहीतरी आलं. नाव वाळलं तसं त्यानं 'फतेहनगर' लिहिलं, मग 'औरंगाबाद', मग 'छत्रपती संभाजीनगर', आणि शेवटचं एवढं लांब नाव त्यानं अशा चपळाईनं लिहिलं की पहिलं अक्षर वाळायच्या आत रेघ पुरी. टाळ्या थांबेनात. अदीबानं येऊन गळ्यात हात टाकले. ती रडत होती आणि हा हसत होता. खोटं कशाला सांगू, त्याच्या आयुष्यातली ती सगळ्यात चांगली सकाळ होती.

संध्याकाळी अदीबानं व्हिडिओ टाकला. पूर्ण, चौदा मिनिटांचा. बिचारीला वाटलं लोक चौदा मिनिटं बघतील.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना पहिला फोन आला. अनोळखी नंबर. कमरोद्दीननं नेहमीसारखं 'बोला, कमर पेंटर' म्हटलं, आणि पलीकडच्या माणसानं जी शिव्यांची लड लावली ती संपेपर्यंत चहावर साय धरली. जुनं नाव लिहायची हिंमत कशी झाली, हात तोडू. हा फोन ठेवला तोच दुसरा. तो मोहल्ल्याच्या बाजूचा. नव्या नावाखाली स्वतःचं नाव टाकायला शरम वाटली नाही का, म्हातारपणी कुणाचे तळवे चाटतोस. तिसरा पुन्हा पहिल्या बाजूचा. कमरोद्दीनला काही उमजेना. माझा नंबर या लोकांना दिला कुणी?

शमशादनं शेजारच्या पोरीच्या मोबाइलवर फोटो आणून त्याच्यापुढं धरला. कुणीतरी चौदा मिनिटांतला एक तुकडा कापलेला. भिंतीवर 'औरंगाबाद', ओलंचिंब, ठसठशीत. आणि उजव्या कोपऱ्यात खाली, बारीक अक्षरात, 'कमर पेंटर, उस्मानपुरा'. पुढं दहा आकडी नंबर.

दुसऱ्यांनी दुसरा तुकडा कापला होता, नव्या नावाचा. त्याच्याही खाली तेच. चारही नावांखाली त्यानं नाव आणि नंबर टाकला होता, आणि अल्लाशपथ, त्याला एकाचीही आठवण नव्हती. रेघ संपली, हात कोपऱ्यात गेला, बास. 'खडकी' आणि 'फतेहनगर' कुणी कापलं नाही. त्या नावांसाठी भांडायला आता कोण उरलंय?

त्या दोन दिवसांत शेकड्यांनी फोन आले. पंचवीस वर्षं त्याच नंबरावर काम यायचं, म्हणून त्याला फोन बंद करवेना. वाजला की दचकायचा, आणि तरी उचलायचा, न जाणो काम असेल. शेवटी शमशादनं फोन तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला. मशिदीतून येताना ओळखीचे लोक नजर चुकवायला लागले. ज्या किराणावाल्याची पाटी त्यानं तीनदा रंगवली, त्यानं सुट्टे नाहीत म्हणून परत पाठवलं. पोलीस ठाण्यात बोलावणं आलं. तिथला साहेब वाईट नव्हता. म्हणाला, तुमच्या पोटात काही नाही हे मला दिसतंय, पण दोन्हीकडून तक्रारी आहेत, एक माफीचं लिहून द्या. कमरोद्दीननं लिहून दिलं. साहेबानं कागद हातात घेतला आणि म्हणाला, "अक्षर काय सुंदर आहे हो तुमचं."

अदीबानं व्हिडिओ काढून टाकला. त्याला काय अर्थ होता? तोवर तो प्रत्येकाच्या खिशात गेलेला. तिनं तिकीट रद्द करते म्हटलं, पायाशी बसून रडली. कमरोद्दीननंच तिला बळेबळे पाठवलं, कारण वेळेत परत गेली नाही तर परवान्याचं पुन्हा सुरू. जाताना ती सारखी माफी मागत होती आणि तो म्हणत होता, अगं, चूक माझ्या हाताची, तू कायकू रडतीस.

बिभीषणचा फोन आला तो आठव्या दिवशी, शमशादच्या नंबरावर. म्हणाला, चाचा, जरा दिवस येऊ नका, गावात बोलाबोली चाललीय, मी बघतो. त्या दिवसापासून कमरोद्दीनला रात्रंदिवस एकच घोर. बाकीच्या लोकांनी थुंकलं तरी चालेल, ती तिसरी भिंत हातची जाऊ नये. ती गेली तर आसपासच्या शाळा गेल्या, आणि शाळा गेल्या तर ब्रश धुऊन कपाटात ठेवायचा. तो नमाजात तेच मागायचा. शमशाद म्हणायची, अल्लाला एवढं सविस्तर सांगायची गरज नाही.

मे महिन्यात बोलावणं आलं. येताना पांढऱ्या रंगाचा डबा आणा, असा निरोप. कमरोद्दीनचा जीव भांड्यात पडला. पांढरा म्हणजे तिसऱ्या भिंतीचा तळ मारायचा. धुतलेला शर्ट घालून, तांदळातला फोन पुन्हा खिशात टाकून, डबा आणि ब्रश घेऊन तो सकाळच्या गाडीनं गेला.

शाळेला सुट्टी लागलेली. बिभीषण एकटाच पटांगणात उभा होता. त्यानं पाणी दिलं, बसायला खुर्ची दिली, आणि बराच वेळ ऊन फार पडलंय यावर बोलत राहिला. मग भिंतीकडं बघत म्हणाला,

"चाचा, अक्षराला कुणाचंच काय म्हणणं नाय. अक्षर लई भारी हाय, सगळे म्हणतेत. मीटिंगीत एकच ठरलं. खालचं नाव तेवढं मिटवून टाका. तुमच्याच हातानं केलेलं बरं, दुसऱ्यानं केलं तर भिंत घाण करील."

कमरोद्दीननं पायाशी ठेवलेल्या पांढऱ्या डब्याकडं बघितलं.

"तिसरी भिंत तुम्हीच करायची," बिभीषण घाईनं म्हणाला. "बाकीच्या शाळांचंबी मी सांगतो. फक्त नाव नाय टाकायचं. पोरांना काय, अक्षराशी मतलब."

म्हणजे जे मागितलं होतं ते मिळालं होतं. ब्रश हातात राहणार होता, आणि तोही मरेपर्यंत. डबा उचलून भिंतीवर भिरकावून द्यावा असं कमरोद्दीनला वाटलं, आणि बिभीषणला विचारावं की ज्या कमानीवर तू वाचायला शिकलास तिच्या कोपऱ्यात काय लिहिलंय रे, तेही मिटवलंस का? पण बिभीषणची मान खाली होती, आणि गावात त्यालाही राहायचंच होतं. कमरोद्दीननं काडीनं डब्याचं झाकण उघडलं.

ऑइल पेंटमधलं काळं पांढऱ्याखाली एका हातात झाकत नाही. पहिला हात मारला तरी 'कमर पेंटर' तसंच वाचता येत होतं, राखाडी होऊन. दुसरा हात मारायचा तर पहिला वाळू द्यावा लागतो. बिभीषण चहा सांगायला म्हणून सटकला तो परत आलाच नाही. कमरोद्दीन व्हरांड्याच्या सावलीत बसला, आणि खिशातला फोन वाजला. अदीबाचा.

तिचा आवाज जपून जपून येत होता. व्हिडिओ तिकडच्या एका मोठ्या प्रदर्शनात घेतलाय. परवान्याचंही त्यामुळं मार्गी लागेल, त्यांनी पत्र दिलंय. "आणि अब्बा, काळजी करू नका. तुमचं नाव आणि नंबर मी धूसर करून टाकलाय. चारही ठिकाणी. कुणाला दिसणार नाही."

समोर भिंतीवर त्याचं नाव वाळत होतं. त्याला आनंद व्हायला हवा होता, लेकीचे कागद होणार होते. थोडा झालाही. पण महिनाभर त्याच्या मनात एक प्रश्न होता, आणि त्यानं तो स्वतःलासुद्धा विचारू दिला नव्हता. चार नावं लिहिली. एक वाळायला दोन मिनिटं. पोर तर मागंच उभी होती, हाताच्या अंतरावर.

"अदीबा, पहिल्या नावाखाली मी नंबर लिहिला, तेव्हा तू बघितलंस?"



"हौ," ती म्हणाली.

"मग थांबवलं कायकू नाही?"

"अब्बा..." तिला रडू येत होतं. "आधी वाटलं तुम्ही ठरवून लिहिताय. मग कळलं, हात आपोआप जातोय. त्या सगळ्या कामातली तीच सगळ्यात खरी गोष्ट होती. थांबवलं असतं तर ते मोडलं असतं."

ते म्हणजे काय, हे त्यानं विचारलं नाही. कामाला कामच म्हणतात, आणि कामाच्या वेळी कुणी हाक मारलेली त्यालाही खपायची नाही. पोर त्याच्यावरच गेली होती. हे कळलं तेव्हा मात्र त्याला फार कडू वाटलं.

"पुढच्या वेळेला येशील ना, बेटा, तर नुसती ये," तो म्हणाला. "काम घेऊन येऊ नको."

ती काहीतरी म्हणत होती. त्यानं फोन खिशात घातला. पहिला हात वाळला होता. त्यानं दुसरा मारला, वाळेपर्यंत पुन्हा बसून राहिला, मग जवळ जाऊन बघितलं. 'उस्मानपुरा'मधला शेवटचा काना अजून दिसत होता. त्यानं रंग नीट ढवळला आणि तिसरा हात मारला.